पन्नासचा ठेका

१९१५ सालापूर्वी परळ-लालबागच्या गिरण्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, पण चालत होत्या एकेकट्या. प्रत्येकीचा बॉयलर वेगळा, चिमणी वेगळी, वाफेचं इंजिन वेगळं. इंजिनाच्या अजस्र चाकावरून जाड दोर निघत, ते मजल्यामजल्यावरचे लांब दांडे फिरवत आणि दांड्यांवरच्या पट्ट्यांनी साचे चालत, चात्या फिरत. एखाद्या गिरणीचं इंजिन बसलं तर तिथली पाळी बुडे. शेजारच्या गिरणीत त्याची बातमी जाई, धक्का जात नसे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळा-वळवणच्या तलावांतलं पाणी पाचशेहून अधिक मीटर खाली कोसळून खोपोलीत चक्रं फिरवू लागलं आणि तिथली वीज सुमारे ७० किलोमीटर तारांवरून परळच्या उपकेंद्रात उतरू लागली. गिरण्यांनी एकेक करून वाफ सोडली, वीज घेतली. हे सारं स्वस्त शक्तीची गोष्ट म्हणून सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण त्या तारांवरून शक्तीबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे ठेका. खोपोलीचं जनित्र जरा मंदावलं की परळच्या साऱ्या मोटारी त्याच क्षणी मंदावू लागल्या. कालपर्यंत ज्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, ती यंत्रं आता एका तालावर आली होती.

हा ताल नेमका कसला, ते आधी पाहू. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावते. एका ग्रिडला जोडलेलं प्रत्येक मोठं जनित्र, मग ते कोयनेच्या पोटातलं असो की चंद्रपूरच्या कोळशावरचं, याच हेलकाव्याशी बांधलेलं असतं. एकानेही स्वतःच्या मर्जीने वेगळ्या गतीने फिरून चालत नाही. त्यांना असं बांधून ठेवणारा कुणी वर बसलेला नसतो, त्यांना बांधतात तारा. जुवाला जुंपलेल्या दोन बैलांपैकी जो पाऊलभर पुढे असतो त्याच्या खांद्यावर जास्त भार येतो, तसंच इथे आहे. जे जनित्र कोनाने किंचित पुढे असतं ते जास्त वीज देतं, मागे असलेल्याला तेवढी सूट मिळते आणि पुढचं मागे, मागचं पुढे ओढलं जातं. गोम एवढीच की ही ओढ रबरासारखी ताणावी तितकी वाढत नाही. दोन टोकांमधलं हे कोनाचं अंतर पाव फेरीच्या पलीकडे गेलं की ती वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागते, आणि मग सावरणं संपतं. जनित्रं सुटी होतात, संरक्षक यंत्रणा त्यांना आणि तारांना खटाखट तोडते, आणि आपण त्याला ‘लाइट गेली’ म्हणतो.

एकत्र बांधलेल्या वस्तू आपोआप ताल धरतात हे माणसाला साडेतीनशे वर्षांपासून माहीत आहे. १६६५ मध्ये क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या पाहिलं की एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकांची घड्याळं थोड्या वेळाने एकमेकांच्या अचूक विरुद्ध दिशेने झुलू लागतात. त्याचं गणित मात्र १९७५ साली जपानच्या योशिकी कुरामोतोने सुबक करून मांडलं. प्रत्येक घटकाची आपली एक नैसर्गिक गती, आणि प्रत्येकाला बाकी सगळ्यांची मिळून होणारी ओढ. ओढ कमी असेल तोवर जो तो आपल्या नादात. एका उंबरठ्यापलीकडे ती गेली की एकाएकी एक जथा जमतो, आणि ओढ वाढत जाईल तसा फुगत जातो. सुंदर मांडणी, पण तिच्यात एक सोय करून घेतलेली आहे. इथे प्रत्येक जण प्रत्येकाशी सारखाच जोडलेला आहे. प्रत्यक्षात असं कुठे असतं? गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत ढोलांची रांग शंभर मीटर लांबली तर पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. चढ्या लयीत तेवढ्यात एक ठोका निघून जातो. म्हणून चांगल्या पथकात मागचे वादक फक्त कानावर विसंबत नाहीत, पुढच्याच्या हातावर नजर ठेवतात. माणसं तीच, ढोल तेच, कौशल्य तेच. कोण कुणाकडे पाहतो एवढं बदललं की ठेका जमतो किंवा विस्कटतो.

या प्रकरणातलं माझं म्हणणं एवढंच आहे. ताल टिकेल की तुटेल हे ठरवताना आपण घटकांकडे पाहतो. जनित्र किती मोठं, तार किती जाड, माणूस किती सावध. या सगळ्याचं महत्त्व आहेच, पण निर्णायक ठरते ती जोडणीची आकृती. जोडण्या किती आहेत यापेक्षा त्या कुठून कुठे जातात याला अधिक वजन आहे. हे तपासून पाहायला परळमध्ये उतरलेल्या त्या विजेइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण. तिची जोडणी शंभर वर्षांत अनेकदा बदलली, आणि प्रत्येक बदलाची परीक्षाही झाली.

खोपोलीनंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रं आली. (भिऱ्याचं पाणी ज्या मुळशी खोऱ्याला बुडवून मिळालं त्या खोऱ्यातल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. गिरणगावच्या उजेडाचा हिशेब मांडताना ही बाजू वगळली तर तो हिशेब खोटा.) पुढे ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र उभं राहिलं, मुंबईची वीज राज्याच्या जाळ्याशी बांधली गेली, राज्यं मिळून पश्चिम ग्रिड झालं आणि २००६ सालापर्यंत ते उत्तर, पूर्व व ईशान्य ग्रिडशी एका तालात आलं. दक्षिण तेवढी बाहेर राहिली. ती तोडलेली होती असं नव्हे. चंद्रपूरजवळ भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण यांच्यामध्ये १००० मेगावॅटचा दुवा होता. पण तिथे एका बाजूच्या विजेचं आधी एकदिश प्रवाहात रूपांतर होई आणि मग पुन्हा दुसऱ्या बाजूच्या हेलकाव्यात. उंबरठ्यावर चपला काढाव्यात तसा ताल अलीकडेच ठेवून नुसती वीज पलीकडे जाई.

त्या फरकाची परीक्षा २०१२ च्या जुलैअखेरीस झाली. उत्तरेत पाऊस रुसला होता, शेतीचे पंप जोरात होते. पश्चिमेत पाऊस बरा असल्याने मागणी कमी आणि वीज शिल्लक होती. साहजिकच पश्चिमेकडून उत्तरेकडे मोजक्या वाहिन्यांवरून लोंढा वाहत होता. ३० जुलैच्या पहाटे त्यांतली बीना–ग्वाल्हेर वाहिनी तुटली, तिचा भार लांबच्या वळशाने जाऊ लागला, मधलं अंतर ताणलं गेलं आणि उत्तरेचं जाळं तालातून सुटून कोसळलं. ३१ तारखेला दुपारी तेच पुन्हा घडलं आणि या वेळी पूर्व व ईशान्यही गेलं. साठ कोटींच्या आसपास लोक राहतात तो भाग अंधारात गेला. पश्चिम वाचली, कारण तुटली ती नेमकी तिला बांधणारी वाहिनी. वीज घेणारा सुटल्यावर इथली वारंवारता, म्हणजे सेकंदातल्या हेलकाव्यांची संख्या, खाली न जाता वर गेली, आणि वर गेलेली वारंवारता जनित्रं आवरून खाली आणता येते. दक्षिणेला थोडी वीज कमी मिळाली, पण ताल तिच्या दाराशीच थांबलेला असल्यामुळे कोसळणं तिथवर पोचलंच नाही. त्या दोन दिवसांत मुंबईची माणसं इतरांहून हुशार किंवा यंत्रं नवी होती म्हणून इथे दिवे राहिले असं नाही. जाळं जिथे फाटलं त्या शिवणीची जागा मुंबईच्या सोयीची होती.

मग दक्षिणेलाही तसंच बाहेर का ठेवलं नाही? ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण ग्रिड उरलेल्या देशाच्या तालात आणलं गेलं. भारतभर एकच पन्नासचा ठेका झाला तो आपल्या सोलापुरातून. आपत्तीनंतर दीड वर्षाच्या आत एवढं धाडस कशासाठी, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याचं उत्तर वजनात आहे. समजा एकट्या मुंबईचं ग्रिड असतं. उन्हाळ्यात शहराची मागणी साडेतीन-चार हजार मेगावॅटपर्यंत जाते. ५०० मेगावॅटचा एक संच बंद पडला तर सातवा-आठवा हिस्सा एका झटक्यात गायब. तोच संच देशाच्या ग्रिडमध्ये पडला तर, जिथे मे २०२४ मध्ये मागणीने अडीच लाख मेगावॅट गाठले, काटा जेमतेम हलतो. फिरणाऱ्या हजारो जनित्रांचं जडत्व तो धक्का वाटून घेतं. म्हणजे एकत्र येण्याने रोजचे लहान धक्के नाहीसे होतात आणि क्वचितचा मोठा धक्का लांबवर जायची वाट मोकळी होते. हा सौदा करायचा की नाही यावर वाद होऊ शकतो. मला विचाराल तर करावा. पण तो करताना वाटा कुठे काढायच्या आणि कुठे अडवायच्या हे ठरवावं लागतं, आणि तिथे मुंबईची गोष्ट अवघड होते.

कारण मुंबई टोकाला आहे. तीन बाजूंना समुद्र, आणि बाहेरची वीज यायची ती ईशान्येकडून, पडघे, कळवा, खारघर या मोजक्या नाक्यांवरून. शहरातही ती उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत जाते. शीव-माहीमपासून कुलाब्यापर्यंतच्या ज्या भागाला ‘बेस्ट’ वीज पुरवते तो या टोकाचंही टोक. कुलाब्याच्या पुढे तार न्यायला जमीनच नाही. २०१४ मध्ये जर्मनीतल्या पेटर मेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर युरोपच्या वीजजाळ्याचा अभ्यास करून दाखवलं की जाळ्यात जिथे फांदीसारखी बंद टोकं लोंबत असतात, तिथे आणि त्यांच्या लगत धक्का सोसून पुन्हा तालावर येण्याची ताकद कमी असते. बंद टोकाला वळसा नसतो, एकीकडून ओढ सुटली तर दुसरीकडून धरणारं कुणी नाही. मुंबई म्हणजे हुबेहूब असं टोक आहे असं म्हणता येणार नाही, तिच्यात स्वतःची जनित्रं आहेत आणि वाहिन्याही एकाहून अधिक आहेत. पण भूगोलाने तिला त्या आकाराकडे ढकललेलं आहे. यावर तोडगा म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे ‘आयलँडिंग’ची योजना आहे. बाहेरचं ग्रिड डळमळू लागलं की शहराने आपणहून तारा तोडायच्या, आतला काही भार सोडून द्यायचा आणि ट्रॉम्बे, डहाणू व घाटातल्या जलकेंद्रांच्या जोरावर आपला स्वतंत्र ठेका धरायचा. बेटांच्या शहराने संकटात पुन्हा बेट व्हायचं. बाकीचा महाराष्ट्र बारा-बारा तासांचं भारनियमन सोसत होता तेव्हा मुंबई उजळलेली राहिली, यामागे पैसा आणि राजकारण होतंच, पण ही वेगळेपणाची रचनाही होती. तिचं कौतुक करताना ती एक सवलत होती हेही बोललं पाहिजे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ही रचना अपुरी पडली. कळवा–पडघे या ४०० किलोव्होल्टच्या जोडवाहिनीतली एक बाजू देखभालीत होती, सारा भार दुसरीवर होता. तिच्यात बिघाड झाला तशी वीज उरलेल्या वाटांवर लोटली आणि त्याही मागोमाग तुटल्या. शहराने बेट व्हायचा प्रयत्न केला, पण बेटाच्या आत मागणी खूप आणि निर्मिती थोडी. ट्रॉम्बेचा तेलावर चालणारा ५०० मेगावॅटचा संच महाग पडतो म्हणून थांबवलेला होता. बाहेरची वीज स्वस्त मिळत असताना आतली कोण जाळेल? सोडलेला भार पुरेसा ठरला नाही, वारंवारता घसरली आणि आतले संचही बसले. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, करोनाच्या दिवसांत रुग्णालयं जनरेटरवर आली.

यावर पहिला आक्षेप अगदी सरळ आहे. हा दोष जाळ्याच्या आकृतीचा कसा? देखभाल वेळेवर नव्हती, समन्वय नव्हता, म्हणजे चूक माणसांची. पुढे परदेशी सायबर हल्ल्याची शंकाही चर्चेत आली आणि मार्च २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी कारण मानवी चुकीचं असल्याचं सांगितलं. मानवी चूक मी नाकारत नाही. पण चूक सांगते ती सुरुवात. ती किती दूर गेली हे चूक सांगत नाही. रोज कुठल्या तरी वाहिनीवर पक्षी बसतो, कुठे झाड पडतं, कुठे संरक्षक रिले चुकतो, आणि कुणाला कळतही नाही. कारण भार वाटून घेणाऱ्या दुसऱ्या वाटा असतात. तीच ठिणगी मोजक्या नाक्यांच्या मुखाशी पडली की महानगर थांबतं. दादर स्थानकात पश्चिम आणि मध्य मार्ग मिळतात म्हणून तिथला दहा मिनिटांचा खोळंबा अंबरनाथपासून विरारपर्यंत जाणवतो. तोच खोळंबा एखाद्या फाट्यावरच्या स्थानकात झाला तर फाट्यापुरता. दोषी शोधणं आवश्यक आहे, पण दोषी सापडला म्हणून आकृती सुधारत नाही.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. आकृती वाईट असेल तर आणखी तारा ओढा, सगळीकडे ओढा. जोड वाढली की ताल पक्का, हे सामान्य बुद्धीला पटतं आणि कुरामोतोची मूळ मांडणीही तेच सुचवते. १९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी दाखवलेलं होतं की जाळ्यात थोडेसेच लांब पल्ल्याचे दुवे टाकले तरी सारे घटक एकमेकांच्या जवळ येतात. त्यांच्या तीन उदाहरणांपैकी एक पश्चिम अमेरिकेचं वीजजाळंच होतं. जवळ आले म्हणजे ताल धरणं सोपं, असा समज त्यातून बळावला. पण २००३ मध्ये ताकाशी निशिकावा, आदिल्सन मोटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला टाचणी लावली. अंतरं कमी होऊनसुद्धा, जोडण्यांचं ओझं थोड्या नाक्यांवर एकवटलं तर ताल धरणं उलट कठीण होतं. आणि २०१२ मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या त्या जुलैच्याच वर्षी, डिर्क विटहाउट आणि मार्क टिमे यांनी त्याहून विचित्र गोष्ट मांडली. चांगल्या चालणाऱ्या वीजजाळ्यात एक नवी वाहिनी घातल्याने कधी कधी ताल पार नाहीसा होतो. नवी वाहिनी नवं वर्तुळ तयार करते, वीज आपल्याला हवी तशी न वाहता कोनांच्या हिशेबाने त्या वर्तुळात वाटली जाते, आणि एखादी आधीच तुडुंब वाहिनी तिच्यामुळे मर्यादेबाहेर ढकलली जाते. नवा रस्ता काढल्यावर कधी कधी सगळ्यांचाच प्रवास लांबतो, हे डीट्रिच ब्रेस या गणितीने १९६८ मध्ये वाहतुकीबाबत सिद्ध केलं होतं, त्याचंच हे विजेतलं भावंड. असं दर वेळी घडतं असं नाही, बहुतेक वेळा नव्या वाहिनीचा उपयोगच होतो. पण ‘जास्त म्हणजे चांगलं’ हा नियम म्हणून उभा राहत नाही, एवढं नक्की.

कुणी म्हणेल, हे सगळं कागदावरचं. खऱ्या ग्रिडमध्ये रिले असतात, नियंत्रण कक्षात माणसं असतात, बाजारभाव असतात. समीकरणातली जनित्रं यातलं काही जाणत नाहीत. बरोबर आहे, आणि म्हणूनच त्या समीकरणांवरून कोणत्या दिवशी कुठे अंधार होईल ते सांगता येत नाही. पण २०१२ ला तुटलेली शिवण, दक्षिणेचा शाबूत राहिलेला दरवाजा आणि २०२० चं अपुरं बेट, या तिन्ही ठिकाणी आकृतीने जी बाजू उघडी ठेवली होती तीच उघडी पडली आणि जी बंद ठेवली होती ती वाचली. मुंबईसाठी नंतर निवडलेले उपायही तेच सांगतात. २०२३ मध्ये खारघर–विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली. शहराच्या पोटात शिरणारी ती वेगळी वाट आहे, म्हणजे टोकाला वळसा दिला गेला. दुसरा उपाय म्हणून कुडूसपासून आरेपर्यंत १००० मेगावॅटची एकदिश प्रवाहाची वाहिनी निवडली गेली. ती भद्रावतीच्या जुन्या दुव्याच्या जातीची आहे, वीज आणणारी आणि बाहेरचा ताल बाहेरच ठेवणारी. एक जोड ताल घट्ट करणारी, एक जोड तालाला उंबरठा घालणारी. नुसत्या मेगावॅटच्या हिशेबात दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या.

पूर्ण अंधार झाल्यावर शहर पुन्हा उठतं कसं, हे पाहिलं की जोडणीचा हा खेळ अगदी जवळून दिसतो. कोळशाच्या संचाला सुरू व्हायला स्वतःच बाहेरून वीज लागते, त्याचे पंप आणि पंखे चालल्याशिवाय वाफ तयार होत नाही. पाण्याच्या चक्राला मात्र झडप उघडली की पुरतं. त्यामुळे अशा वेळी आधी हाक जाते घाटातल्या जलकेंद्रांना, आणि १२ ऑक्टोबरलाही ट्रॉम्बेच्या बरोबरीने तीन जलविद्युत संच कामाला लागले होते. एक संच फिरू लागतो, एक वाहिनी जिवंत होते, तिच्यावर थोडासा भार दिला जातो, मग दुसरा संच. दुसरा जोडताना घाई चालत नाही. नियंत्रण कक्षात एक तबकडी असते, तिच्यावरचा काटा दोन बाजूंच्या तालांमधलं अंतर दाखवत गोल फिरत राहतो. तो भरभर फिरत असेल तर गती जुळलेली नाही. संचाची झडप किंचित आवळतात, किंचित सोडतात, काटा रेंगाळू लागतो. तो वर बाराच्या जागी येईपर्यंत थांबायचं आणि तिथे पोचता पोचता खटका दाबायचा.